नागपूरच्या गच्चीवरचा माग

एकेक माग बंद पडत गेला तेव्हा मला वाटलं, लाइट गेली. मी सहा नंबरच्या मागाखाली उताणा पडून पट्टा आवळत होतो. वर बघितलं तर बल्ब चालू होता. लाइट गेली की सगळे माग एका दमात थांबतात. इथं कुणीतरी हातानं एकेक बंद करत येत होतं. शेवटचा माग थांबला आणि मी पाना फरशीवर ठेवला त्याचा आवाज मलाच मोठा वाटला.

बाहेर सरकलो. आमचे मालक पारिसअण्णा मगदूम मागांच्या मधल्या वाटेत उभे होते. ते शेडमध्ये चपला घालून कधी येत नाहीत. त्या दिवशी आले होते.

"सिदू, हात पूस," ते म्हणाले.

"काय झालं अण्णा?"

"हात पूस आधी. केंद्रात जायचंय."

"हौसाला काय झालंय?"

मी बाकीच्यांकडं बघितलं. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही इचलकरंजीतले मागवाले सगळं हातानं सांगतो. चहा आला, सुताचा तार तुटला, मालक आला, सगळ्याला खूण आहे. त्या दिवशी आठजण माझ्याकडं बघत होते आणि एकाचाही हात हलत नव्हता. तेव्हा मला कळलं.

हौसा माझी बायको. यंत्रमाग प्रशिक्षण केंद्रात मुलींना शिकवता शिकवता खाली बसली आणि गेली. दवाखान्यात न्यायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. पंचावन्न वर्षांची होती. तिला त्या केंद्रात शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि ती जागा तिला कशी मिळाली ते मी गावात ज्याला त्याला सांगायचो. पाहुणा घरी आला की चहाच्या आधी मी ती गोष्ट काढायचो.

ती अशी.

मी जॉबर, म्हणजे माग बिघडला की नीट करणारा. हौसा वहिफणी करायची. नवीन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, मागावर चढवायच्या आधी त्याचा एकेक तार हुकानं ओढून वईच्या, म्हणजे तार वर-खाली करणाऱ्या सळयांच्या चौकटीच्या, डोळ्यातून काढायचा आणि मग फणीच्या घरातून काढायचा, याला वहिफणी म्हणतात. दोन हजार चारशे तार असले तर दोन हजार चारशे वेळा. एक तार भलत्या डोळ्यात गेला तर सगळ्या कापडाला शेवटपर्यंत रेघ पडते. आमच्याकडं बायका कांड्यांवर सूत भरतात, वहिफणी बापईमाणसं करतात. हौसा तिच्या वडिलांकडून शिकली होती आणि तिच्यासारखा हात आमच्या पेठेत कुणाचा नव्हता. पण व्यापारी कापड बघून म्हणायचे, "सिदूमेस्त्रीची वहिफणी दिसतेय." मी सांगायचो, माझी नव्हे, मंडळींची. ते हसायचे आणि पुढच्या वेळी परत तसंच म्हणायचे.

मला ते टोचायचं. तिला टोचत होतं का ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण पंच्याण्णव साली केंद्रात वहिफणी शिकवायची जागा निघाली तेव्हा अर्ज तिनं स्वतः आणला. चौथीपर्यंत शिकलेली होती. हाताचं काम येणाऱ्याला शाळेची अट नव्हती, फक्त नागपूरला जाऊन परीक्षा द्यायची होती.

"पास झाले तर फळ्यावर माझं नाव लिवतील न्हवं?" तिनं विचारलं.

"लिवतील की. वहिफणी शिक्षिका, हौसाबाई सिद्राम बुगड."

"मग जायाचं," ती म्हणाली.

डिसेंबर होता. हातकणंगल्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. सबंध दिवस आणि सबंध रात्र गाडीत. रात्री ती बाकावर आडवी झाली ती सकाळी सूर्य वर आल्यावर उठली. मला वाटलं, बरं झालं, ताजीतवानी पोचेल. ती का झोपली याचा विचार मी केला नाही.

नागपूरला उतरल्यावर स्टेशनासमोर चार-पाच लॉज होते. खाली टांगे, ट्रक, हॉटेलांचे भोंगे. मी म्हटलं, इथं नको. परीक्षेचा माणूस आहे, झोप पाहिजे. तासभर पायपीट करून मी मागच्या गल्लीतलं एक लॉज काढलं. समोर बंद शाळा, बाजूला कुणाची तरी मोठी बाग. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली घेतली. दार लावलं तर पाण्याचा थेंब पडलेला ऐकू येईल अशी शांतता. मी हौसाला म्हटलं, "बघ, कशी जागा शोधलीया."

"लई बेस हाय," ती म्हणाली.

रात्री एकच्या सुमाराला तिनं मला हलवलं.

"अवो. माग बंद पडलाय."

"आगं, नागपुरात हाईस तू."

ती उठून बसली. "व्हय की," म्हणाली. थोडा वेळ तशीच बसून राहिली. "तुमी झोपा."

आमचं घर म्हणजे अण्णांच्या शेडला लागून दोन खोल्या. तिच्या उशाची भिंत म्हणजे मागाची भिंत. आठ माग रात्रभर चालायचे आणि ती गाढ झोपायची. आवाज थांबला की जागी व्हायची. माग थांबला म्हणजे तार तुटला, तुटला म्हणजे कुणीतरी उठून सांधायला पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून सोळा वर्षं अंगाला लागलेली सवय. त्या लॉजमध्ये ती डोळा लागला की जागी व्हायची, कारण तिच्या कानाच्या हिशेबानं सगळे माग बंद होते. आणि मी नागपुरातलं सगळ्यांत शांत लॉज हुडकून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरावाचं काम होतं. पाच उमेदवार, त्यात बाई एकटी हौसा. घरच्यांना मागं बाकावर बसायची मुभा होती. प्रत्येकाला तीनशे तार ओढायला दिले. हौसानं पाच चुका केल्या. तीनशेत पाच. आमच्याकडं तिच्या सबंध वर्षात पाच होत नव्हत्या. देवस्थळी म्हणून परीक्षक होते, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी दिवा धरून तार बघितले आणि चष्मा वर केला.

"बाई, तुमचे डोळे लाल दिसतात."

"झोप न्हाई झाली साहेब."

"उद्या चोवीसशे तार आहेत. पाच तास. दोन चुका चालतील, तिसरीला बाद. आज लवकर झोपा."

शेजारच्या घोड्यासमोर, म्हणजे बीम ठेवायच्या लाकडी चौकटीसमोर, मालेगावचा एक उमेदवार हूक पुसत बसला होता. तो म्हणाला, "वहिनी, घरी पोळ्या लाटायचं सोडून कुठं या भानगडीत पडल्या."

"तुमाला हूक धरता येईना झालाय, लाटणं तर लांबच ऱ्हायलं," हौसा म्हणाली. बाकीचे हसले. तोही हसला. पण बाहेर आल्यावर ती फुटपाथवर थांबली आणि हातांकडं बघत राहिली.

"बोटं कुठं जात्यात तेच कळंना झालंय," ती म्हणाली. "उद्या बाद झाले तर काय म्हणतील ठावं हाय? बाईचं कामच न्हवं ते. माझ्यामागनं कोण बाई येणार हाय तिला दारातनंच परत लावतील."

"झोपेची गोळी घेऊया का?"

"नगं. हात जड व्हतील."

"मग स्टेशनावर जाऊन झोपूया. गाड्यांचा आवाज असतोय."

"गाडी येती आन् जाती. माग जात न्हाई कुठं." मग म्हणाली, "आन् थंडीनं बोटं आखडली तर?"

संध्याकाळी साडेसातला जेवून घेतलं. नऊला दिवा मालवला. दहाला ती छताकडं बघत होती. अकराला मी उठलो. पंखा लावला आणि त्याच्या जाळीत पोस्टकार्डाचा तुकडा अडकवला. टर्रर्र करून वाजायला लागला.

"ह्यो माग न्हवं," ती अंधारात म्हणाली. "भिरभिरं हाय."

पंख्यानं गारठा वाढला म्हणून बंद केला. मग मी न्हाणीघरातली लोखंडी बादली आणली, पालथी घातली आणि तिच्यावर तांब्यानं ठेका धरला. मागाला दोन ठोके असतात. धोटा उजवीकडनं सुटतो तो एक, डावीकडनं परत येतो तो दुसरा. माझं आयुष्य ते दोन ठोके ऐकण्यात गेलं होतं. कुठला माग आजारी आहे ते मी दारात उभा राहून कानानं सांगायचो. खट-खटाक, खट-खटाक. हौसा कुशीवर वळली. मला वाटलं, जमलं.

पाच मिनिटांत दारावर थाप पडली.

मॅनेजर होते. भोयर नाव. डोक्याला मफलर, अंगावर शाल, मागं शेजारच्या खोलीतला एक माणूस लुंगी सावरत उभा.

"काय करून राह्यले जी तुम्ही?" भोयर म्हणाले. "अर्ध्या रात्री बादली बडवून राह्यले. हे भाऊ म्हणते का बाजूच्या खोलीत भांडण लागलं."

"भांडण नाही ओ. मंडळींना झोप लागत नाही."

"त बडवल्यानं लागते का?"

"हां."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हौसाकडं. ती पलंगावर उठून बसली होती, पदर सारखा करत.

"ताई, तुम्हाला मारलं-बिरलं त नाही ना यानं?"

"न्हाई ओ दादा," हौसा म्हणाली. "आमी मागवाली माणसं. मागाचा आवाज न्हाई तर झोप येत न्हाई. उद्या माझी परीक्षा हाय."

लुंगीवाला म्हणाला, "झोपेसाठी बडवते. अजबच लोकं आहे बाप्पा." आणि निघून गेला. भोयर गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"कापडाचे माग?"

"व्हय."

"माझा बाप गिरणीत होता. कापडाच्याच," ते म्हणाले. "गिरणी बंद पडली अन् म्हाताऱ्याची झोप गेली. आम्ही म्हणो का पैशाच्या काळजीनं गेली. डॉक्टर झाले, मांत्रिक झाला. रातभर अंगणात बसून राहे. आई म्हणे, याले काहीतरी लागलं." त्यांनी मफलर सारखा केला. "कोणाच्या डोक्यातच नाही आलं जी."

मग त्यांनी शाल खांद्यावर टाकली. "सामान राहू द्या इथं. गादी घ्या. वर चला."

गच्चीवर एक खोली होती. उन्हाळ्यातले कूलर हिवाळ्यात तिथं ठेवायचे. पंधरा-सोळा पत्र्याचे कूलर एकावर एक रचलेले आणि मधे माणूस झोपेल एवढी जागा. खाली आवाज जात नव्हता. भोयरांनी एका कूलरची वायर लावून बघितली. तो घुमायला लागला.

"उन्हाळ्यात लोकं भांडते कूलरसाठी," ते म्हणाले. "डिसेंबरात तुम्हीच पहिले."

हौसानं कान देऊन ऐकलं. "हे घुमतंय नुसतं. ठोका न्हाई."

बंद केला. मी एका कूलरच्या मागची लाकडी पट्टी सोडवली, तिला टॉवेल गुंडाळला आणि दुसऱ्या हातात त्याच्या पायाचा ठोकळा घेतला. उजव्या हातानं पट्टी, डाव्या हातानं ठोकळा, आणि समोर पत्रा. पहिल्या ठोक्याला मी स्वतः दचकलो, इतका तो शेडमधल्यासारखा आला.

हौसा गादीवर पडली, दोन चादरी डोक्यावरनं घेतल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी वाजवत राहिलो. मिनिटाला एकशेवीस, जसा आमचा माग चालतो तसा. भोयर कूलरवर बसून ऐकत होते. अर्ध्या तासानं त्यांनी मला खूण केली, झोपली वाटते. मी हात थांबवला. लगेच तिचा हात चादरीतनं बाहेर आला आणि हवेत काहीतरी चाचपडायला लागला. मी परत सुरू केलं. हात आत गेला. मला तेव्हा समजलं की आता सकाळपर्यंत सुटका नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. सोळा वर्षं ती मागांचे तुटलेले तार सांधायला उठत आली होती.

दोनच्या सुमाराला भोयर म्हणाले, "द्या मले. तुम्ही चहा घ्या." थर्मास भरून आणला होता त्यांनी. मी पट्टी आणि ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांचा ठोका भजनातल्यासारखा पडायला लागला. चादरीतनं हौसानं दोनदा जोरात कूस बदलली. मी चहा तोंड भाजत संपवला आणि पट्टी परत घेतली.

"नाही जमत बाप्पा," ते म्हणाले. "हे गिरणीतल्या माणसाचंच काम आहे." आणि खाली झोपायला गेले.

पाचला उजाडायच्या आत ती स्वतःच उठली. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. उजवा खांदा वर जात नव्हता.

"झोप लागली?" मी विचारलं.

तिनं माझ्या हातांकडं बघितलं.

"लागली की," ती म्हणाली. "लई बेस लागली."

तिचे डोळे लालच होते. मला वाटलं, थंडीनं.

परीक्षा नऊला सुरू झाली. मागं बसून तार देणारा माणूस केंद्राचा होता. तो एकेक तार पुढं करायचा आणि हौसा हुकानं ओढून घ्यायची. मी बाकावर बसून बघत होतो. पहिल्या दोनशे तारांनंतर मला तिच्या हाताचा वेग कळला. ती घड्याळासारखी ओढत होती. ना पुढं, ना मागं. तार देणारा घाम पुसायला थांबायचा तेव्हा तिची बोटं हवेत तशीच चालत राहायची आणि तार आला की त्याला बरोबर डोळ्यात घालायची. मालेगाववाला स्वतःचं काम सोडून बघत होता. देवस्थळी साहेब येऊन तिच्या मागं उभे राहिले आणि उभेच राहिले.

चार तास दहा मिनिटांत तिनं शेवटचा तार ओढला. मग साहेबांनी दिवा धरून एकेक वई तपासली. तपासायलाच तास गेला. मला वाटलं, चूक शोधून तरी काढणार. त्यांनी दिवा विझवला.

"एकही नाही," ते म्हणाले.

मग माझ्याकडं वळले. "कुणाकडं शिकल्या या? तुमच्याकडं?"

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "मला वहिफणी येत न्हाई."

ते मोठ्यानं हसले आणि कागदावर त्यांनी तिचं नाव लिहिलं. हौसाबाई सिद्राम बुगड. मी ते वाचलं तेव्हा माझी छाती केवढी झाली ते सांगून कळायचं नाही.

परतीच्या गाडीत ती नागपूर सोडायच्या आत झोपली. वर्धा गेलं, भुसावळ गेलं, मनमाड गेलं, ती उठली नाही. मी शेजारच्यांना सांगत होतो, ही माझी मंडळी, अख्ख्या महाराष्ट्रात वहिफणीत पहिली, आणि रात्रभर मी असं असं वाजवलं म्हणून झोपली. फोड दाखवत होतो. एक म्हातारबा म्हणाले, नवरा असावा तर असा. मला ते खरं वाटलं.

तेव्हापासून एकोणीस वर्षं मी ही गोष्ट सांगितली. केंद्राच्या फळ्यावर तिचं नाव लागलं, तिच्या हाताखालनं तीनशेच्या वर मुली शिकून गेल्या, पेठेत "हौसाबाईंची वहिफणी" असं व्यापारी म्हणायला लागले. मला अभिमान वाटायचा. प्रत्येक वेळी मी गोष्टीच्या शेवटी म्हणायचो, "पत्रा वाजला म्हणून ही पास झाली." हौसा चहाची कपबशी पुढं करत म्हणायची, "व्हय बाई. ह्यांनी वाजवलं म्हणूनच."

ती गेल्यावर महिन्यानं केंद्रात शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. मला दुसरं काय बोलता येणार. मी नागपूर सांगितलं. लॉज, बादली, कूलर, फोड. लोक हसले आणि डोळे पुसले. पारिसअण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

सभा संपल्यावर परवीन मुल्लाणी माझ्याजवळ आली. ही हौसाची जुनी विद्यार्थिनी. पुढं केंद्रातच तिच्या हाताखाली काम करायची.

"मामा, एक सांगू? रागवू नगासा."

"बोल."

"बाई आमाला ती गोष्ट येगळी सांगायच्या."

"येगळी म्हंजे?"

परवीन बोलायला लाजत होती. मी तिला बाकावर बसवलं.

"बाई त्या रात्री झोपल्याच न्हाईत. एक मिनिट सुदिक न्हाई."

मी तिच्या शेजारी बसलो.

"म्हणायच्या, ह्यांचा उजवा ठोका बराबर पडत होता पर डावा उशिरा. डावा ठोका उशिरा पडणारा माग असला तर वहिफणीवाली झोपंल कशी? आधी वाटलं उठून सांगावं. पर बघितलं तर तुमी लई जीव लावून वाजवत हुता. मग त्यांनी डोळं झाकलं आन् डोक्यात बीम लावला. एका ठोक्याला एक तार. पयली वई, दुसरी, तिसरी, चौथी. सकाळपतोर चोवीसशेचा बीम किती वेळा वढला ते त्यांचं त्यांनाच ठावं न्हाई. तुमी थांबलासा की हात अडायचा, म्हणून त्या हवेत तार हुडकायच्या. आन् ते भोयरदादा वाजवत हुते तवा तीन तार चुकले म्हणायच्या, परत पयल्यापासनं सुरू केलं."

ती हसायला लागली आणि मग तोंडाला पदर लावला.

"दुसऱ्या दिवशी हात आपोआप चालला म्हणायच्या. आमाला पयल्या दिवशी हेच शिकवायच्या, मामा. हूक हातात द्यायच्या आधी बाकावर ठेका धराय लावायच्या. डोळं झाकून. डोक्यात बीम पुरा झाल्याबिगार हूक न्हाई. एकोणीस वर्षं. सगळ्या पोरींना ही गोष्ट ठावं हाय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. पर बाई म्हणायच्या, ह्यांना सांगू नगासा."

मी बाकावर बोटांनी वाजवून बघितलं. खट-खटाक. दारात उभा राहून माग आजारी आहे की नाही ते सांगणारा मी.

"उशिरा पडतोय का गं?"

परवीननं कान दिला. "थोडा पडतोय," ती म्हणाली.

मी बराच वेळ तिथं बसलो. लोक गेले, खुर्च्या उचलल्या. तिची वहिफणी माझ्या नावावर चालायची ते मला टोचायचं, आणि ती रात्र मी एकोणीस वर्षं माझ्या नावावर सांगत आलो होतो. तिच्यासमोर. आणि ती चहा देत होती. दोन रात्री डोळ्याला डोळा न लागता, परक्या गावात, चार बापयांत एकटी बसून तिनं चोवीसशे तार ओढले आणि एकही चुकला नाही. पत्रा वाजला म्हणून ती पास झाली हे खोटं नाही. पण मी सांगायचो तसं ते खरंही नव्हतं.

तेव्हापासून मी गोष्ट परवीननं सांगितली तशी सांगतो. पारिसअण्णांना पहिल्यांदा सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे एकोणीस वर्षं तिनं तुला झोपवलं की रं." व्यापाऱ्यांना सांगितली, पाहुण्यांना सांगितली, पुण्याला आमच्या मुलीला फोन करून सांगितली. ती म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं." आधी सांगायचो त्यापेक्षा आता मान वर करून सांगतो.

फक्त नागपूरचे भोयर राहिलेत. दर दिवाळीला मी त्यांना कार्ड टाकतो, आणि त्यांचं उत्तर येतं. आता त्यांचं अक्षर हलतं. वय ऐंशीच्या पुढं असेल. प्रत्येक पत्रात ते एक ओळ हमखास लिहितात, की आमच्या गच्चीवर त्या ताई झोपल्या होत्या ते मी अजून सगळ्यांना सांगतो, आणि बापासाठी नाही जमलं ते तुमच्यासाठी जमलं. गेल्या कित्येक दिवाळ्या मी कार्ड आणतो, पत्ता घालतो, आणि "आम्ही सर्व खुशाल आहोत" एवढंच लिहून टाकतो. हौसा गेली हे त्यांना कळवायचं राहिलं आहे. ती त्या रात्री झोपली नव्हती, हेही.